वेतनवाढ, रेटिंग, कपात : वरच्यांना आणि खालच्यांना नियम एकच आहे का, ते कागदावर कसं तपासायचं?

हिशेबनीस

मार्च संपला की मोठ्या कंपन्यांत दोन गोष्टी साधारण एकाच सुमारास घडतात. खाली वेतनवाढीची पत्रं निघतात आणि वर संचालकांचं मानधन मंजुरीला येतं. खालच्या पत्रात "बाजारातली परिस्थिती लक्षात घेता" अशी सुरुवात असते. वरच्या ठरावात काय आहे ते बहुतेक कर्मचारी उघडूनही बघत नाहीत, आणि लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत तर ते सगळं जाहीर असतं. व्यवस्थापनावर विश्वास ठेवायचा की नाही, हे टाउनहॉलमधल्या (सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेतल्या) भाषणावरून ठरवण्यापेक्षा आधी हे कागद वाचावेत, म्हणून हा धागा.

कंपनी कायदा २०१३, कलम १९७(१२) आणि त्याखालच्या २०१४ च्या नियमांतला नियम ५. प्रत्येक लिस्टेड कंपनीला बोर्डाच्या अहवालात सांगावं लागतं की एकेका संचालकाचं मानधन कर्मचाऱ्यांच्या मीडियन पगाराच्या किती पट आहे. मीडियन म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले तर बरोबर मधला. सरासरी नव्हे. सरासरी वरच्या दहाबारा जणांमुळे फुगते, मीडियन फुगत नाही.

वार्षिक अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर गुंतवणूकदारांच्या विभागात किंवा बीएसईच्या साइटवर मिळतो. तीनचारशे पानांची पीडीएफ असते. त्यात 'मीडियन' हा शब्द शोधा, की थेट बोर्डाच्या अहवालाच्या जोडपत्रावर पोचाल. तिथे चार आकडे एकत्र वाचायचे : संचालकाचं पट-प्रमाण, त्याच्या मानधनातली टक्केवारी वाढ, मीडियनमधली टक्केवारी वाढ, आणि वर्षाअखेर पटावर असलेले कायम कर्मचारी. त्याच जोडपत्रात आणखी एक ओळ असते आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची : व्यवस्थापकीय पदं सोडून इतरांच्या पगारात सरासरी किती टक्के वाढ झाली, व्यवस्थापकीय मानधनात किती झाली, आणि तफावत असेल तर तिचं कारण काय. हे कारण कंपनीने स्वतःच्या शब्दांत द्यायचं असतं. "उद्योगातील प्रचलित मानकांनुसार" एवढ्यावर भागवलेलं असेल तर ते कारण म्हणता येणार नाही, आणि तिथेच प्रश्न विचारायला जागा आहे.

एकाच वर्षाचा अहवाल बघून काही कळत नाही. पाच वर्षांचे पाच अहवाल घ्या आणि कागदावर चार रकाने पाडा : कंपनीचा निव्वळ नफा, सीईओचं मानधन, मीडियन वाढ, कायम कर्मचारी. नफा घटला त्या वर्षी कोणाचा पगार थांबला, हे त्या तक्त्यात स्वच्छ दिसतं.

---

मध्यममार्गी

धागा उत्तम. पण मीडियनमधली वाढ वाचताना एक खोच आहे, ती सांगतो, नाहीतर चुकीचा निष्कर्ष निघेल.

समजा पाच जण आहेत, पगार ४, ६, ८, १० आणि १२ लाख. मीडियन ८. सगळ्यांना १० टक्के वाढ मिळाली : ४.४, ६.६, ८.८, ११, १३.२. मीडियन ८.८ झाला. आता त्याच वर्षी साडेतीन लाखांवर दोन फ्रेशर घेतले. सात जणांचा मीडियन आला ६.६. म्हणजे प्रत्येकाला १० टक्के मिळूनही अहवालात मीडियन साडेसतरा टक्क्यांनी घसरलेला दिसेल.

उलटंही होतं. भरती थांबवली, खालची माणसं गळाली, तर कोणाला एक रुपया न वाढवता मीडियन वर सरकतो. म्हणून हिशेबनीस यांनी सांगितलेला चौथा आकडा, कायम कर्मचाऱ्यांची संख्या, सोडू नका. संख्या एकदम वाढली किंवा घटली असेल त्या वर्षीच्या मीडियन वाढीवर विसंबू नये.

आणखी दोन गोष्टी. हा हिशेब त्या एका कंपनीच्या पटापुरता असतो. उपकंपनीत टाकलेली माणसं त्यात येत नाहीत, कंत्राटी तर नाहीतच. साफसफाई, सुरक्षा, कँटीन, लाइनवरचे कंत्राटी कामगार हे सगळे धरले तर पट-प्रमाण कुठल्या कुठे जाईल. शिवाय शेअर्सच्या रूपात मिळालेला मोबदला कोणी धरतं, कोणी वगळतं. खाली तळटीप असते, ती वाचा. त्यामुळे एका कंपनीची दुसऱ्या कंपनीशी तुलना करण्यापेक्षा त्याच कंपनीची तिच्याच मागच्या वर्षांशी केलेली बरी.

---

टेम्सकाठचा

इथे ब्रिटनमध्ये २०१९ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी असा नियम आला. देशात २५० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या लिस्टेड कंपन्यांना सीईओच्या पगाराचं प्रमाण तीन ठिकाणी द्यावं लागतं : खालून पंचविसावा टक्का (शंभर जण चढत्या पगाराने उभे केले तर पंचविसावा), मधला, आणि पंचाहत्तरावा. शिवाय प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा बदललं तर का बदललं तेही लिहायचं. मध्यममार्गींनी दाखवलेला फ्रेशरचा घोळ तीन आकडे असले की लगेच उघडा पडतो, कारण कोणता टक्का किती हलला ते वेगवेगळं दिसतं.

अमेरिकेत हे आकडे २०१८ पासून जाहीर होऊ लागले. तिथल्या हिशेबात अर्धवेळ, तात्पुरते, हंगामी आणि परदेशातले कर्मचारीही धरायचे असतात, परदेशातल्यांसाठी थोडी सूट आहे. म्हणून तिथल्या किरकोळ विक्रीच्या साखळ्यांचं प्रमाण डोळे फिरवणारं दिसतं आणि आपल्याकडचं त्या मानाने सौम्य. आपल्याकडे दरी कमी आहे असा अर्थ त्यावरून काढू नये. मोजण्याची टोपलीच वेगळी आहे.

---

मानव_संसाधन_१२

मी कंपनीच्या बाजूचं थोडं मांडते. पट-प्रमाण हा सहज मथळा होणारा आकडा आहे, पण त्याने न्याय मोजता येत नाही. सॉफ्टवेअर कंपनीत मीडियन पगार मुळात जास्त, कापड गिरणीत कमी. दोन्हीकडे सीईओ सारखाच पगार घेत असेल तरी प्रमाण भलतंच वेगळं येईल.

खरी गडबड असते ती वरच्यांचा पगार ठरवण्याच्या पद्धतीत. नामनिर्देशन व मानधन समिती हे ठरवते. कायद्याने तिच्यात किमान तीन बिगर-कार्यकारी संचालक, त्यातले निम्मे स्वतंत्र; लिस्टेड कंपनीत २०२२ पासून दोन तृतीयांश स्वतंत्र. समिती एक सल्लागार नेमते. सल्लागार 'समकक्ष' कंपन्यांची यादी करतो. यादीत आपल्यापेक्षा मोठ्या कंपन्या घातल्या की आपला सीईओ आपोआप कमी पगाराचा ठरतो. मग ठरवलं जातं की आपण पंचाहत्तराव्या टक्क्यावर पगार देऊ. प्रत्येक कंपनीने हेच ठरवलं की दर वर्षी सगळ्यांचाच पंचाहत्तरावा टक्का वर जातो, कामगिरी असो वा नसो. अहवालात समकक्ष कंपन्यांची नावं दिली असतील तर त्यांची उलाढाल आपल्याशी ताडून बघा. नावंच दिली नसतील तर सर्वसाधारण सभेत विचारायचा पहिला प्रश्न तोच.

खालच्या माणसांसाठी मात्र सर्वेक्षणाचा पन्नासावा टक्का धरतात. एकाच इमारतीत दोन फूटपट्ट्या. ही तफावत धोरणात लिहिलेली असते, लपवलेली नसते. ती कोणी वाचत नाही एवढंच.

---

चाकण_एमआयडीसी

ऑफिसातल्यांची चर्चा चालली आहे, शॉपफ्लोअरचं लिहितो. पुणे पट्ट्यातल्या वाहन कारखान्यांत कायम कामगारांचा पगार करारावर ठरतो. करार साधारण तीन वर्षांचा. "अमुक हजारांची घसघशीत वाढ" ही बातमी वाचली की आधी विचारायचं, वाढीची फोड कशी? १२,००० रुपये वाढ आणि पहिल्या वर्षी ५० टक्के, पुढे २५ आणि २५, म्हणजे पहिल्या वर्षी हातात महिना ६,०००. त्यातले बेसिकमध्ये किती आणि भत्त्यांत किती? पीएफ आणि ग्रॅच्युइटी बेसिक-डीएवर चालत आल्यामुळे भत्त्यांत घातलेली वाढ आजवर निवृत्तीच्या वेळी फारशी उपयोगी पडत नसे.

दुसरं कलम उत्पादनाचं. वाढीच्या बदल्यात तासाला किती नग हे बदलतं. वेळ-अभ्यास (एका नगाला किती वेळ लागतो त्याची मोजणी) कोणी केला, नवीन फिक्स्चर (नग धरून ठेवणारं साधन) आल्यावर केला की आधी, आणि बिघाडाचा वेळ त्यात धरला का, हे लिहून घेतलं नाही तर पुढची तीन वर्षं सुपरवायझर आणि कामगार यांच्यात रोजची कटकट. करारावर सही एका दिवसाची, पण विश्वास जातो तो या रोजच्या कटकटीत.

तिसरं, जुना करार संपल्यावर नवीन व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. फरकाची थकबाकी जुन्या तारखेपासून मिळणार की सहीच्या तारखेपासून, हे बोलणीच्या पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात आणावं. शेवटी आणलं तर तेच सौद्याचं हत्यार होतं.

आणि नफ्यातल्या वाट्याची मागणी काही आयटीवाल्यांनी शोधलेली नाही. २०१३ साली बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात सुमारे ५० दिवस काम बंद होतं, त्यात कामगार संघटनेची एक मागणी होती की कामगारांना एका रुपयाला एक या दराने शेअर द्यावेत. कंपनीने ती मान्य केली नाही. अधिकाऱ्यांना शेअर मिळतात तर लाइनवरच्या माणसाला का नाहीत, हा प्रश्न मात्र तेव्हापासून या पट्ट्यात अनेक बोलण्यांत येतो, आणि तो रास्त आहे.

---

रेटिंगग्रस्त

बेल कर्व्हबद्दल, म्हणजे ठरावीक टक्के माणसांना खालचं रेटिंग द्यायलाच लावणाऱ्या पद्धतीबद्दल, कोणीतरी नीट लिहा. 'आम्ही बेल कर्व्ह बंद केला' असं जाहीर होतं आणि तरी प्रत्येक टीममधून एकाला खालचं रेटिंग जातंच.

---

कोथरूडचा_सांख्यिक

@रेटिंगग्रस्त, त्याचं गणितच सांगतो.

समजा युनिटमध्ये १२० माणसं, आठ-आठच्या १५ टीम. नियम : तळाचे १० टक्के. म्हणजे १२ जण. पण आठच्या टीमला ०.८ माणूस येतो. माणसाचे दशांश होत नाहीत, म्हणून प्रत्येक टीमकडून एक नाव मागितलं जातं. झाले १५. बाराचे पंधरा इथेच झाले.

आता त्याहून गंभीर. १२० मध्ये खरोखरच १० टक्के माणसं कमी पडतात असं मान्य करू. ती टीममध्ये वाटेल तशी विखुरलेली असतील तर आठच्या एखाद्या टीममध्ये एकही कमी पडणारा नसण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे ०.४३. दर शंभर टीमपैकी ४३ टीममध्ये खालच्या रेटिंगला लायक कोणी नसतोच, आणि तिथल्या मॅनेजरला तरी एक नाव द्यावंच लागतं. मग कोणाचं जातं? जो वर्षाच्या मध्यात टीममध्ये आला त्याचं, जी बाळंतपणाच्या रजेवर होती तिचं, ज्याने राजीनामा देणार असं सूचित केलं त्याचं. मॅनेजर दुष्ट असतो म्हणून नव्हे. त्याला सगळ्यात कमी विरोध करणारं नाव शोधायचं असतं.

मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ही सक्तीची क्रमवारी सोडली, पुढे बऱ्याच कंपन्यांनी सोडली. पण वेतनवाढीचं बजेट ठरलेलं असतं तोवर वाटणी मागच्या दाराने येतेच. बजेट ८ टक्के, वरच्या रेटिंगला १४, मधल्याला ८, खालच्याला शून्य, हा तक्ता ठरला की वरच्यांची संख्या वाढवायला खालची संख्या लागणारच. बेल कर्व्ह काढायचा असेल तर आधी तो तक्ता बदलावा लागतो.

---

मानव_संसाधन_१२

अगदी बरोबर. त्यात कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळे मॅनेजर बसून रेटिंग जुळवून घेतात त्या, बैठकीची भर घाला. १२० माणसांची चर्चा तीन तासांत, म्हणजे माणशी दीड मिनिट. दीड मिनिटात काम बोलत नाही, मॅनेजरची वक्तृत्वकला बोलते. ज्याचा मॅनेजर भिडस्त त्याचं नुकसान.

उपाय साधे आहेत आणि जिथे पाळले जातात तिथे भांडणं कमी होतात :

बैठकीआधी प्रत्येकासाठी पाच ओळींचा लेखी पुरावा. काय करायचं ठरलं होतं, काय झालं, कोणी पाहिलं.

वर्षाच्या मध्यात लेखी सूचना दिली नसेल तर तळाचं रेटिंग देता येणार नाही, असा पक्का नियम. हा एकच नियम अर्धे वाद संपवतो. ज्याला वर्षभर "छान चाललंय" म्हटलं त्याला मार्चमध्ये "अपेक्षेपेक्षा कमी" म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे.

मोजणी पन्नास माणसांच्या खाली करायची नाही. छोट्या टीमला टक्केवारी लावायचीच नाही.

अपील. निर्णय ज्या मॅनेजरने दिला त्याच्या साखळीबाहेरच्या माणसाकडे, पंधरा दिवसांत, उत्तर लेखी. आणि किती अपिलं आली, किती मान्य झाली, हा आकडा सगळ्यांना कळवायचा. अपील आहे पण वर्षानुवर्षं एकही मान्य होत नाही, तर ते अपील नाही.

---

लेखापाल_सांगली

व्हेरिएबल पेचं, म्हणजे कामगिरीनुसार कमीजास्त होणाऱ्या पगाराच्या भागाचं, कोणी लिहिलं नाही. सगळ्यात जास्त अविश्वास तिथूनच येतो.

सूत्र बहुधा असं : लक्ष्य रक्कम × कंपनीचा गुणांक × युनिटचा गुणांक × वैयक्तिक गुणांक. १२ लाख सीटीसीत (वर्षाच्या एकूण पॅकेजमध्ये) १५ टक्के व्हेरिएबल म्हणजे १,८०,०००. कंपनी ०.८, युनिट ०.७, वैयक्तिक १.० आला तर हातात १,००,८००. म्हणजे काम ठरल्याप्रमाणे करूनही ४४ टक्के गेले, कारण दोन गुणांक एकमेकांना गुणले जातात. बेरजेचं सूत्र असतं, म्हणजे तिन्हींना वजन देऊन सरासरी काढली असती, तर इतकं पडलं नसतं. नेमणूकपत्रात सूत्र गुणाकाराचं आहे की बेरजेचं, हे सही करण्याआधी विचारावं.

आता हेच वर बघा. वरच्या पदांच्या पॅकेजमध्ये मोठा भाग शेअर्सचा. त्यातले काही कामगिरीवर मिळतात, काही निव्वळ मुदत भरली की. निव्वळ मुदतीवर मिळणारे जास्त असतील तर वाईट वर्षात खालच्याचा व्हेरिएबल कापला जातो आणि वरचे शेअर ठरल्या तारखेला खात्यात येतात. किती टक्के कामगिरीवर आणि किती मुदतीवर, हे मानधन धोरणात किंवा भागधारकांना पाठवलेल्या ठरावाच्या स्पष्टीकरणात सापडतं. माझ्या दृष्टीने पट-प्रमाणापेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे.

आणखी दोन कलमं तपासा. "देय तारखेस पटावर असणे आवश्यक" : मार्चअखेरच्या वर्षाचा व्हेरिएबल जुलैत देतात, मेमध्ये सोडलं तर वर्षभराची रक्कम गेली. आणि "व्यवस्थापनाच्या विवेकाधीन" : हे शब्द असतील तर ती रक्कम सीटीसीत धरून घराच्या कर्जाचा हप्ता ठरवू नका.

---

हिशेबनीस

लेखापाल, फार नेमकं लिहिलंत. कामगिरी आणि मानधन यांचा संबंध स्पष्ट असावा, हे कलम १७८ मध्येच लिहिलेलं आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

मर्यादाही सांगतो. सार्वजनिक कंपनीत सगळ्या संचालकांचं मिळून मानधन त्या वर्षाच्या निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत. एकच व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालक असेल तर त्याला ५ टक्के. त्यावर जायचं तर पूर्वी केंद्र सरकारची मंजुरी लागे, २०१८ पासून भागधारकांचा विशेष ठराव पुरतो. विशेष ठराव म्हणजे पडलेल्या मतांपैकी ७५ टक्के बाजूने. हे ७५ टक्के दर वेळी मिळतातच असं नाही. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी नफा अपुरा असताना वरिष्ठांच्या मानधनाचे ठराव आधी नामंजूर केले होते. २०२१ मध्ये आयशर मोटर्समध्ये व्यवस्थापकीय संचालकांची फेरनेमणूक मानधनाच्या मुद्द्यावर अडली, मग कंपनीला मानधनाची मर्यादा कमी करून पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

इन्फोसिसचं २०१७ चं प्रकरण तर बहुतेकांना आठवत असेल. सीओओच्या मानधनवाढीवर नारायण मूर्तींनी उघड आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा हाच होता की बहुतेक कर्मचाऱ्यांना ६ ते ८ टक्के वाढ दिलेली असताना वरच्या एका पदाला ६० ते ७० टक्के देणं योग्य नाही, त्याने कर्मचाऱ्यांचा व्यवस्थापनावरचा विश्वास उडतो. तो ठराव साध्या बहुमताचा असल्याने मंजूर झाला, पण बाजूने साधारण दोन तृतीयांशच मतं पडली. एरवी असे ठराव नव्वदच्या वर सहज जातात.

---

नोटीस_पिरियड

तातडीचा प्रश्न. एखाद्याला खोलीत बोलावून "आजच राजीनामा दे, नाहीतर काढून टाकल्याची नोंद होईल" म्हटलं तर नेमकं काय करावं?

---

कामगार_कायदा_अभ्यासक

त्या दिवशी सही करू नये. एवढं आधी. "मला विचार करायला वेळ हवा, जे सांगितलंत ते ईमेलवर द्या" असं शांतपणे म्हणावं आणि बाहेर आल्यावर स्वतःच बैठकीची तारीख, वेळ, हजर माणसं आणि झालेलं बोलणं लिहून एचआरला ईमेल करावा. उत्तर आलं नाही तरी नोंद राहते.

कारण असं. नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. मालकाने कामावरून कमी केलं तर ती कपात ठरते. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार, कपातीपासून ४५ दिवसांत थेट खात्यात. राजीनाम्यावर सही केली की हे सगळं सुटतं. ग्रॅच्युइटी तेवढी राहते.

रकमेत सांगतो. ९ वर्षं सेवा, संहितेच्या व्याख्येतला मासिक पगार ६०,०००. ग्रॅच्युइटी : ६०,००० × १५ ÷ २६ × ९ = सुमारे ३,११,५००. ही दोन्हीकडे मिळते. कपात भरपाई साधारण २,७०,०००, नोटिशीचे ६०,०००, निधीचे सुमारे ३०,०००. म्हणजे त्या एका सहीची किंमत साडेतीन लाखांच्या वर.

"पण तुमचा पगार जास्त आहे, तुम्ही कामगार नाही" असं ठासून सांगितलं जातं. नीट समजून घ्या : पगाराची १८,००० ची मर्यादा देखरेखीचं काम करणाऱ्यांना आहे. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. पदाचं नाव 'असिस्टंट मॅनेजर' असलं तरी हाताखाली कोणी नाही, रजा मंजूर करायचा किंवा रेटिंग द्यायचा अधिकार नाही, दिवसभर कोड लिहिणं किंवा चाचणी करणं हेच काम, तर न्यायालय प्रत्यक्ष काम बघतं. म्हणून आपल्या कामाचं वर्णन, उद्दिष्टपत्रं, टीमची रचना दाखवणारे कागद महत्त्वाचे. मात्र ऑफिसचे कागद घाऊक स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. माहितीचोरीचं कारण पुढे करून सेवा संपवायला तेवढं पुरतं. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, स्वतःची मूल्यांकनं, एवढंच जपून ठेवा.

सरकारी परवानगीबाबत गैरसमज खूप आहे. ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कपातीआधी परवानगी लागते, पण ती अट कारखाने, खाणी आणि मळे यांना. आयटी कंपनीला ती लागत नाही. तिथे नोटीस आणि भरपाईचे नियम लागतात.

आणि "शेवटी आला तो आधी जाईल" हा नियम सर्वसाधारणपणे पाळायचा असतो. मोडला तर कारण लिहून ठेवावं लागतं. कारण लेखी मागा.

---

मध्यममार्गी

यात भर : अंतिम हिशेब. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो वा कपात, पगाराची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची आहे. ग्रॅच्युइटीला ३० दिवस. ४५-६० दिवसांचं जुनं 'धोरण' दाखवलं तर संहितेचा उल्लेख करून लेखी मागणी करा. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली का तेही बघा, नाहीतर पुढे पैसे काढताना किंवा वळते करताना अडतं.

---

सजग_नागरिक

निनावी सर्वेक्षण खरंच निनावी असतं का?

---

कोथरूडचा_सांख्यिक

किमान गटसंख्या किती ठेवली आहे त्यावर. पाच किंवा आठपेक्षा लहान गटाचा निकाल मॅनेजरला दाखवत नाहीत, हा चांगला संकेत. पण फट आहे. नऊ जणांच्या टीमचा एकूण निकाल दिसतो आणि त्यातल्या आठ पुरुषांचा वेगळा दिसतो, तर वजाबाकी करून नवव्या व्यक्तीचं, म्हणजे त्या एकमेव बाईचं उत्तर निघतं. म्हणून काप एकाच बाजूने द्यावेत, आणि उरलेला गटही किमान संख्येच्या वर हवा. मोकळ्या मजकुराची उत्तरं तर शैलीवरून ओळखू येतात, तिथे प्रकल्पाचं नाव टाळावं.

गंभीर तक्रार सर्वेक्षणात लिहूच नये. त्यासाठी कंपनी कायद्याच्या कलम १७७ खालची दक्षता यंत्रणा (गैरप्रकार कळवायची सोय) आहे. अपवादात्मक प्रकरणात लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाता येतं आणि तो पत्ता धोरणाच्या कागदात दिलेला असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाताखालच्या एचआर प्रमुखाकडे ती जात असेल तर हा थेट रस्ता घ्या. तारीख, रक्कम, व्यवहार एवढंच लिहा, विशेषणं गाळा.

---

मानव_संसाधन_१२

बीआरएसआर, म्हणजे कंपनीचा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, राहिलं. बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचं आहे, वार्षिक अहवालातच असतं. कायम आणि बिगर-कायम माणसांची संख्या वेगवेगळी, तीन वर्षांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण, स्त्री-पुरुषांचा मीडियन पगार, बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परतल्या आणि वर्षभर टिकल्या, तक्रारी किती आल्या व वर्षाअखेर किती प्रलंबित. हजारो माणसांच्या कंपनीत तक्रारींच्या रकान्यात सलग शून्य दिसलं तर मला काळजी वाटते. तिथे लोक तक्रार करायला घाबरतात, असाच मी त्याचा अर्थ घेते.

---

सजग_नागरिक

हे सगळं वाचून कंपनीला विचारायचं कुठे? नोकरीत राहून सीईओला असं विचारणं अवघड आहे.

---

हिशेबनीस

भागधारक म्हणून विचारा. एक शेअर पुरतो. मार्चअखेर वर्ष असलेल्या कंपन्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, बऱ्याच आता व्हिडिओवर घेतात. सभेच्या सूचनेत वक्ता म्हणून नाव नोंदवायची मुदत आणि ईमेल दिलेला असतो, प्रश्न आधी लेखी पाठवता येतो. मतदानाचा हक्क ठरवणारी तारीख सभेच्या जास्तीत जास्त सात दिवस आधीची असते, त्या दिवशी शेअर खात्यात हवा. ई-मतदान किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं.

आणखी एक कागद मागून घ्या. नियम ५(२) प्रमाणे सर्वाधिक पगाराच्या दहा जणांची आणि वर्षाला १ कोटी २ लाखांच्या वर मोबदला घेणाऱ्यांची यादी बोर्डाच्या अहवालाचा भाग आहे, पण बहुतेक कंपन्या ती छापील अहवालातून वगळतात. बोर्डाच्या अहवालातच एक ओळ असते की इच्छुक भागधारकाने कंपनी सचिवाला लिहावं. पद, अनुभव, आधीची नोकरी, आणि कोणी संचालकाचा नातेवाईक आहे का, हेही त्यात असतं. फोलिओ किंवा डीमॅट क्रमांक देऊन दोन ओळींचा ईमेल टाका. प्रश्न विचारताना "कर्मचाऱ्यांवर अन्याय होतो" असं मोघम लिहू नका. "गेल्या तीन वर्षांत मीडियन वाढ अमुक, व्यवस्थापकीय वाढ अमुक, अहवालाच्या अमुक पानावरच्या कारणात समकक्ष कंपन्यांची नावं नाहीत, ती द्यावीत" असं पान क्रमांकासह लिहा. कोणाला आपल्या कंपनीच्या अहवालातला तक्ता भरताना अडचण आली तर आकडे इथे टाका, नाव न देता. बसून बघू.